पथकातली धाव आणि एकट्याची धाव

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातील धावण्याविषयीची निघाली, म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिले आहे. तिन्ही पत्रे कोल्हापूर जिल्ह्यातून आली याचे मला नवल वाटले नाही. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गावच आहे, टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण आहे, आणि पहाटे पाचला शहरातल्या कोणत्याही मोठ्या मैदानावर गेले तरी शिट्टीच्या तालावर धावणारी पोरे दिसतातच. त्यातली बहुतेक तयारी शिपाई भरतीची किंवा पोलीस भरतीची असते. अधिकारी होऊ पाहणाऱ्यांच्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : माझी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी निवड झाली असून येत्या ऑक्टोबरात दाखल व्हायचे आहे. गेली दोन वर्षे मी पहाटे रंकाळ्याभोवती एकटीच धावते आणि २.४ किलोमीटर अंतर साडेबारा मिनिटांत पूर्ण करते. पथकाची सवय व्हावी म्हणून महिन्यापासून शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात धावणाऱ्या एका गटात जाऊ लागले आहे. त्यांचा वेग किलोमीटरला साधारण पाच मिनिटे चाळीस सेकंद, म्हणजे माझ्यापेक्षा कमीच आहे. तरीही तिथे मला धाप लागते, मी मागे पडते आणि नडग्या दुखू लागल्या आहेत. असे का होते? अकादमीत सगळे धावणे पथकानेच असते का? माझी उंची १५४ सेंटिमीटर आहे.
(विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : आपण पत्रात इतके नेमके आकडे दिले आहेत की निम्मे उत्तर त्यांतूनच निघते. साडेबारा मिनिटांत २.४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १९२ मीटर. आपल्या उंचीच्या व्यक्तीचे धावतानाचे पाऊल या वेगाला सुमारे एक मीटरचे पडते असे धरले, तर एकटीने धावताना आपण मिनिटाला १९० च्या आसपास पावले टाकता. गट मिनिटाला सुमारे १७६ मीटर जातो, म्हणजे खरोखरच आपल्यापेक्षा हळू धावतो; परंतु शिट्टीवर सगळ्यांनी एकदम पाय टाकायचा असेल आणि तो ठेका मिनिटाला १६० चा असेल, तर प्रत्येकाला एक मीटर दहा सेंटिमीटरचे पाऊल टाकणे भाग पडते. पावणेसहा फुटी मुलाला त्यात काहीच विशेष वाटत नाही. आपल्याला मात्र दर पावलाला दहा सेंटिमीटर ओढून आणावे लागतात, आणि ते आणताना पाय गुडघ्याच्या बराच पुढे जाऊन टाचेवर आदळतो. हा आदळ नडगी सोसते, नंतर मांडीचे आणि ओटीपोटाचे हाड सोसते. वेग कमी असूनही धाप लागते तीही याचमुळे, कारण शरीराने स्वतःहून निवडलेली पावलांची लांबी ही बहुधा सर्वांत कमी कष्टाची असते आणि ती मोडली की त्याच अंतराला जास्त प्राणवायू लागतो.

दुसरे कारण आपण मागे पडता या वाक्यात दडले आहे. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलेली वाहनांची रांग आठवून पाहा. पुढचा किंचित मंदावला की शेवटच्याला ब्रेक दाबावा लागतो, आणि पुढचा सुटला की शेवटच्याला ते अंतर तोडण्यासाठी दामटावे लागते. तीस जणांच्या पथकात नेमके हेच घडते. पुढच्या तीन ओळी एकसारख्या वेगाने धावत असतात आणि शेवटच्या तीन ओळी प्रत्येक वळणावर थांबून पुन्हा पळत असतात. जो आधीच दमलेला आहे तो मागे सरकतो आणि जिथे सर्वांत जास्त दमणूक होते त्याच जागी जाऊन पोचतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, गटात धावताना पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत उभे राहावे आणि त्यात संकोच मानू नये. बुटक्यांना आणि दमलेल्यांना पुढे घेऊन त्यांच्या पायांनी वेग ठरवणारा उस्ताद हाच जाणता उस्ताद, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. (अकादमीत कवायतीचे आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून जे हवालदार-सुभेदार असतात त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. कुस्तीच्या तालमीतला हा शब्द कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही.)

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. स्थूलमानाने सांगायचे तर अकादमीत परीक्षा एकट्याची असते आणि रोजचा दिवस पथकाचा असतो. शारीरिक क्षमतेच्या चाचणीतली २.४ किलोमीटरची धाव आणि लढाऊ क्षमतेच्या चाचणीतली, रायफल व पाठीवरचे ओझे घेऊन करायची ५ किलोमीटरची धाव यांत प्रत्येकाची वेळ स्वतंत्र नोंदली जाते. मात्र सकाळच्या फॉल-इनपासून, म्हणजे रांगेतल्या हजेरीपासून, मैदानाकडे, मैदानातून वर्गाकडे, वर्गातून भोजनगृहाकडे कॅडेट जातो तो रांगेतूनच, आणि बरेचदा डबल मार्चने, म्हणजे तालात धावत. या ये-जा धावण्याची कुठे नोंद होत नाही, पण आठवड्याअखेरीस पायांवर पडणारा भार त्यातूनच अधिक येतो. एकटीने धावून आलेल्या उत्तम धावपटूही पहिल्या दोन महिन्यांत लंगडतात, कारण त्यांनी स्वतःच्या पायांच्या ठेक्यावर आणि स्वतःच्या वेळी धावण्याचाच सराव केलेला असतो.

या विषयावर ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १९९० च्या दशकात झालेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या स्त्री रंगरूटांमध्ये ओटीपोटाच्या हाडांना बारीक भेगा पडण्याचे, ज्याला आपण स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो त्याचे, प्रमाण शंभरात अकरांच्या वर गेले होते. उपाय म्हणून मार्चचा वेग कमी केला, पाय मिळवून चालण्याऐवजी प्रत्येकीला आपल्या पावलाने चालू दिले, रांगांमधले अंतर वाढवले, धावण्यासाठी मऊ जमीन निवडली आणि सलग मध्यम पल्ल्याच्या धावेऐवजी थांबून-थांबून धावण्याचे टप्पे आणले. त्यानंतर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. पाचही गोष्टी एकदमच बदलल्यामुळे श्रेय नेमके कोणाचे हे वेगळे काढता येत नाही, परंतु त्यांतल्या दोन गोष्टी थेट पावलाच्या लांबीशी आणि रांगेतल्या दाटीशी निगडित आहेत, आणि आपल्या पत्रातली तक्रारही तीच आहे.

अकादमीत ठेका बदलून मागणे आपल्या हाती नसेल, म्हणून तयारी आतापासून करावी. आठवड्यात चार दिवस धावणे पुरे. त्यातले दोन दिवस एकटीने, एक दिवस गटात, आणि एक दिवस टेंबलाईच्या चढावर. चढावर पाऊल आपोआप आखूड पडते, आदळ कमी होतो आणि दम मात्र वाढतो. उतरताना धावू नये, चालत यावे. रंकाळ्याचा पदपथ कठीण आहे, तेव्हा निदान एक दिवस मातीच्या मैदानावर धावावे. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो हे मला ठाऊक आहे, आणि चिखलात घोटा मुरगळण्यापेक्षा त्या दिवशी डांबरी रस्ता बरा. गटाच्या प्रमुखाला स्पष्ट सांगावे की आपण वेग सांभाळू, परंतु पाय मिळवणार नाही. लांब पल्ल्याच्या धावेत पाय मिळवण्याचा हट्ट समजूतदार उस्तादही धरत नाहीत, आणि जिथे कवायत म्हणून पाय मिळवावाच लागतो ती अंतरे बहुधा लहान असतात.

चेन्नईच्या हवेविषयीही सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि इथली पहाट बाराही महिने सुसह्य असते. अकादमी आहे त्या परंगीमलई (सेंट थॉमस माउंट) टेकडीच्या पायथ्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि इथल्या वेगाने तिथे धावले तर नाडी बरीच वर जाते. शरीराला या हवेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात आपली वेळ घसरलेली दिसली तर घाबरून जास्तीचे धावणे सुरू करू नये. सवय व्हावी म्हणून इथेच जाड जॅकेट घालून घाम गाळण्याची जी पद्धत काही पोरांत दिसते, ती मला धोक्याची वाटते.

नडग्यांबद्दल मात्र थोडे कडकपणे लिहितो. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेली, धावताना सुरू होणारी आणि विश्रांतीने जाणारी ठसठस ही बहुधा स्नायूंच्या ताणाची असते. दोन आठवडे भार कमी केला की ती उतरते. पण दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागेवर असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल, किंवा रात्री अंथरुणात दुखत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेवर अशी भेग दिसेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना धावण्याचा सगळा तपशील सांगावा. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे उघडपणे बोलली जात नाही. सराव वाढल्यावर मासिक पाळी लांबू लागली किंवा बंद झाली, तर ते तंदुरुस्तीचे लक्षण मुळीच नव्हे. खाल्लेले अन्न खर्चाला पुरत नसल्याची ती खूण असते आणि त्याचा पहिला फटका हाडांना बसतो. वजन उतरवण्याच्या नादात असाल तर तो नाद सोडावा. दूध, अंडी, उसळी, भाकरी भरपूर खावी, आणि जाण्यापूर्वी हिमोग्लोबिन व ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल होणार आहे. तो इथल्या एका भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गाबरोबर रोज धावतो आणि १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढतो. परंतु मी स्वतः घड्याळ लावून त्याला एकट्याला २.४ किलोमीटर पळवले, तर बारा मिनिटांहून अधिक वेळ लागला. त्याची तयारी चांगली समजावी की कच्ची?
(पालक, गडहिंग्लज)

उत्तर : पाय तयार आहेत, अंदाज कच्चा आहे. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत ही शिपाई भरतीची पूर्ण गुणांची धाव असून तिचा वेग किलोमीटरला साडेतीन मिनिटांहूनही जलद पडतो. गटात ती निघते, कारण पुढचा जसा पळतो तसा हा पळतो आणि चौथी फेरी संपेपर्यंत विचार करण्याची वेळच येत नाही. एकट्याला सोडल्यावर त्याने पहिल्या दोन फेऱ्या सवयीने त्याच वेगात काढल्या असतील आणि उरलेल्या चार फेऱ्या त्याचे कर्ज फेडण्यात गेल्या असतील. त्या दिवशीच्या सहा फेऱ्यांच्या स्वतंत्र वेळा आपण लिहून ठेवल्या असत्या तर हे स्पष्ट दिसले असते. पुढच्या वेळी अवश्य लिहा.

२.४ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर बरोबर सहा फेऱ्या. हे अंतर म्हणजे दीड मैल असून, अमेरिकी वायुदलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६० च्या दशकात दमश्वास मोजण्यासाठी ज्या धावण्याच्या चाचण्या रूढ केल्या त्यांतून ते जगभरच्या सैन्यांत पसरले. संघ लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत उमेदवारांना हे अंतर पंधरा मिनिटांत धावण्याचा सराव ठेवावा असे सुचवलेले असते, म्हणजे फेरीला अडीच मिनिटे. ती अगदी किमान तयारी समजावी. थळसेनेच्या तांत्रिक प्रवेशांच्या अलीकडच्या जाहिरातींत पुरुषांसाठी साडेदहा मिनिटे आणि स्त्रियांसाठी तेरा मिनिटे अशी अपेक्षा दिलेली आहे. साडेदहा मिनिटे म्हणजे फेरीला १०५ सेकंद. मुलाला हाच एक आकडा पाठ करायला लावा आणि आठवड्यातून दोनदा त्याला एकट्याला, कोणाच्याही शिट्टीशिवाय, पहिली फेरी १०५ सेकंदांपेक्षा लवकर संपवायची नाही या अटीवर धावू द्या. पहिल्या दिवशी त्याची पहिली फेरी नव्वदच्या आत येईल, असा माझा होरा आहे. घड्याळ न बघता तो १०४ ते १०६ मध्ये येऊ लागला की त्याला वेगाचा अंदाज आला असे म्हणता येईल.

खडकवासल्याला, म्हणजे प्रबोधिनीत, तीन वर्षांत सहा सत्रे असतात, आणि तिथल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत हा अंदाज जितका कसाला लागतो तितका दुसरीकडे कुठे लागत नाही. ती शर्यत स्क्वाड्रन-स्क्वाड्रनमधली, म्हणजे कॅडेटांच्या तुकड्यांमधली असते, पण धावायचे असते प्रत्येकाने आपापले, आणि पहिला कोण आला यापेक्षा स्क्वाड्रनमधले किती जण ठरलेल्या वेळात पोचले याला महत्त्व असते. चढउताराच्या वाटेवर सुरुवातीलाच गर्दीबरोबर वाहून गेलेला मुलगा अर्ध्या वाटेत चालू लागतो आणि स्वतःबरोबर स्क्वाड्रनचेही गुण घालवतो. प्रशिक्षण वर्ग सोडायला लावू नका. तिथे पहाटे उठण्याची शिस्त आणि सोबत मिळते, ती घरी मिळत नाही. फक्त सगळेच्या सगळे दिवस त्या शिट्टीला देऊ नका.

प्रश्न : मी एनसीसीचा सी प्रमाणपत्रधारक असून धावण्यात आमच्या महाविद्यालयात पहिला येतो. आमच्या सरावगटात सगळ्यांत हळू धावणाऱ्याच्या वेगाने धावावे लागते, त्यामुळे माझा वेळ वाया जातो असे वाटते. अकादमीतही असेच असेल, तर वेगवान धावणाऱ्याने काय करावे? आणि सोबतचा मागे पडला म्हणून आपण थांबलो, तर आपले गुण जात नाहीत का?
(विद्यार्थी, शाहूपुरी)

उत्तर : आपली तक्रार शरीराच्या दृष्टीने रास्त आहे. सर्वांना एकाच वेगाने पळवले की दमश्वास कमी असलेल्यांची शक्तीबाहेर ओढाताण होते आणि आपल्यासारख्यांना व्यायामच होत नाही. म्हणूनच अमेरिकी सैन्याच्या शारीरिक प्रशिक्षणाच्या नियमपुस्तिकेत क्षमतेनुसार गट पाडून धावण्याची पद्धत दिलेली आहे. आपल्या गटातही आठवड्यातले दोन दिवस असे तीन गट पाडता येतील. ते प्रमुखाला जरूर सुचवा.

पण आपण अधिकारी व्हायला निघाला आहात, आणि पत्रात वेळ वाया जातो असे लिहिले आहे, त्यावर थोडे अडतो. तरुण लेफ्टनंटच्या हाताखाली तीसेक जवानांची प्लाटून येते. त्या प्लाटूनच्या पुढे धावताना त्याला वाट शोधायची असते, मागे वळून माणसे मोजायची असतात, रेडिओवर बोलायचे असते आणि पोचल्यावर लगेच शांत आवाजात आदेश द्यायचे असतात. प्लाटूनचा वेग हाच ज्याचा सर्वोच्च वेग आहे, त्याच्यापाशी या कामांसाठी श्वासच शिल्लक राहत नाही. आपण एकट्याने कमावलेला जादा वेग ही त्या श्वासाची शिल्लक आहे. ती वाढवायची एकट्याच्या धावेत आणि खर्चायची पथकात. पथकाच्या धावेत जयघोष द्यावे लागतात तेव्हा कोणाजवळ काय शिल्लक आहे ते ऐकूच येते. ज्याचा दम संपत आला त्याचा आवाज आधी जातो, पाय नंतर. मी पुढे असताना पायांकडे न पाहता आवाज ऐकत असे. आपणही पुढच्या वेळी गटाच्या शेवटच्या ओळीत धावून हे करून पाहा. कोण गप्प झाला, कोणाचा बूट एका बाजूला घासतो आहे, कोण वळणावर रेंगाळतो, हे पुढे धावणाऱ्याला कधीच कळत नाही.

कोल्हापुरातून या विषयावर लिहिताना पावनखिंडीचे नाव घेण्याचा मोह होतो. १६६० ची ती रात्र इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे, म्हणून ती सोडून दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून त्या वाटेने निघणाऱ्या पदभ्रमण मोहिमांचे सांगतो. त्यांत नीट आखलेल्या मोहिमेत सर्वांच्या पुढे वाटाड्या असतो, आणि सर्वांत मागे मोहिमेतला दमदार माणूस असतो, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नाही असा दंडक असतो. पुढच्या माणसाचे काम लोकांच्या लक्षात राहते. मागच्याचे काम अधिक कठीण असते, कारण त्याला सतत दुसऱ्याच्या पावलाने चालावे लागते आणि तरीही चिडायचे नसते.

गुणांचे म्हणाल, तर नियम असा समजावा. वैयक्तिक चाचणीत थांबू नये. तिथे आपली वेळ आपली आणि त्याची वेळ त्याची, आणि त्याला हाताला धरून ओढत नेण्याने त्याचे काही भले होत नाही, कारण पुढच्या चाचणीला आपण त्याच्यासोबत नसाल. पथकाच्या स्पर्धेत मात्र घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावरच थांबते. तिथे आपण दोन मिनिटे आधी पोचून उभे राहिलात तर पथकाला त्याचा शून्य उपयोग आहे, आणि उस्तादांच्या नजरेत तो दोषच ठरतो. मदत करायची तर ती लवकर करावी. सोबती कोलमडल्यावर त्याची रायफल उचलण्यापेक्षा, चौथ्या किलोमीटरलाच त्याच्या पुढे धावून त्याला एकसारखा वेग धरून द्यावा, पाणी पाजावे, त्याच्या ओझ्याचा सैल झालेला पट्टा आवळून द्यावा.

एक अपवाद सांगतो. आमच्या वेळी एका सोबत्याने नडगीचे दुखणे तीन आठवडे लपवले. पथकाचे गुण जातील आणि आपले सत्र वाया जाईल ही त्याची भीती आम्हा सगळ्यांना माहीत होती, आणि आम्ही त्याला आळीपाळीने खांदा देत पळवत राहिलो. आपण मोठी दोस्ती निभावतो आहोत असे तेव्हा वाटत होते. शेवटी हाड पुरते मोडले, चार महिने तो रुग्णालयात राहिला आणि ज्या रेलिगेशनला, म्हणजे एक सत्र मागे टाकले जाण्याला, तो भीत होता तेच त्याच्या वाट्याला आले. पहिल्याच आठवड्यात त्याला आम्ही धरून एमआय रूममध्ये, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, नेले असते, तर बहुधा पंधरा दिवसांच्या विश्रांतीवर भागले असते.